मोटारवाला मुराळी

मेडशीच्या रंगरावानं मोटार घेतली आणि गाव त्याला रावसाहेब म्हणायला लागलं. चेष्टेनं म्हणायचं की मनापासून, हे त्यानं कधी तपासलं नाही. ऐकायला गोड लागत होतं, तेवढं त्याला पुरे होतं. मोटार काही कोरी नव्हती. अकोल्याच्या एका शेठजीनं ती वापरून वापरून खिळखिळी केली होती, आणि नवी घेताना जुनी कुणाच्या तरी गळ्यात मारायची होती. दरसाल कापसाच्या गाड्या घेऊन येणारा हा कास्तकार मोटारीभोवती कसा घुटमळतो, तिच्या दारावरून कसा हात फिरवतो, हे शेठजीनं केव्हाच हेरून ठेवलं होतं.

मोटार दारात आली आणि मग तिचे चोचले एकेक करून कळायला लागले. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. पेट्रोलचे डबे अकोल्याहून मागवायचे, टायर फाटला की तोही अकोल्याहून. चालवायला डायव्हर पाहिजे, म्हणून रामधन नावाचा माणूस ठेवला. त्याला चहा लागायचा, विडी लागायची, आणि मोटार बिघडली की रुसवाही काढावा लागायचा. शिवाय मोटार उन्हात ठेवली तर टपाचं कापड विरतं आणि पावसात ठेवली तर लोखंड गंजतं. म्हणजे तिला गोठा पाहिजे. गोठ्यात तर दमणीची जोडी बांधलेली होती.

दमणी म्हणजे माणसांनी बसायची हलकी, छपराची बैलगाडी. रंगरावाच्या बापापासून ती त्या दारात होती, आणि बांड्या-मोऱ्या ही जोडी खास तिच्यासाठी राखलेली होती. कुणाची लेक सासरी पोचवायची असो, कुणाचं दुखणं वाशीमच्या दवाखान्यात न्यायचं असो, माणूस यायचा आणि दमणी मागायचा. मागितली तर नाही म्हणायचं नाही, अशी त्या घराची रीत होती. रंगरावानं दमणी आणि जोडी दोन्ही शेजारच्या उकंडरावाला विकून टाकली. उकंडराव अबोल माणूस. बैल सोडून नेताना तो एवढंच म्हणाला, "लागली तं मागजा." रंगराव मिशीत हसला. मोटारवाल्याला दमणी कशाला लागते, असं त्याला वाटलं.

लोकांनी आधी दमणीसारखी मोटारही मागून पाहिली. पण बैल गवत खातात आणि गवत शेतात उगवतं, पेट्रोल काही धुऱ्याबांधावर उगवत नाही. रंगरावानं आधी कारणं सांगितली, मग तोंड चुकवलं, आणि शेवटी सडकेवर कुणी हात दाखवला तरी न थांबायची सवय लावून घेतली. रामधनालाही त्यानं पढवून ठेवलं होतं. "हात दाखवला म्हून थांबत नोको जाऊ. एकाले बसवलं तं सारी सडक बसते." रामधन मान डोलवायचा आणि भोंगा वाजवायचा.

आता त्याच्या बहिणीचं सांगायला हवं. रंगरावाला आवडाबाई नावाची एकच धाकटी बहीण होती. शिरपूरच्या अलीकडे, सडकेपासून आत, नाल्यापलीकडच्या गावात तिला दिली होती. सासुरवाशीण आपल्या मनानं उठून माहेरी जात नाही. माहेरचं माणूस न्यायला यावं लागतं. त्या माणसाला मुराळी म्हणतात, आणि सणाच्या तोंडावर ज्या सुनेचा मुराळी येत नाही, तिला शेजारणी काय काय ऐकवतात ते सुनांनाच माहीत. बाप गेल्यापासून आवडाबाईचा मुराळी रंगराव होता. दरसाल दिवाळीच्या पाडव्याला पहाटे दमणी जुंपायची, बैलांच्या गळ्यात घुंगरं बांधायची आणि बहिणीला घेऊन यायचं, यात त्याचा कधी खंड पडला नव्हता.

खंड पडला तो मोटार आल्यावर. मागच्या दिवाळीत ऐन पाडव्याला टायर फुटला. पंचमीला काळ्या मातीचा चिखल होता, त्यात मोटार शिरली असती तर दसऱ्यालाच निघाली असती. महालक्ष्म्यांना पेट्रोल नव्हतं. दर खेपेला रंगरावानं बाजारकरूबरोबर निरोप धाडला, की पुढच्या सणाला येतो, मोटारीनं येतो. आवडाबाई तो निरोप साऱ्या गावाला सांगायची. दुसरं करणार काय?

घरात आई होती, रुखमाबाई. मोतीबिंदूनं तिला माणसाची नुसती सावली दिसायची. शेतातली बंडी जुंपून पाठव, असं ती लेकाला दर सणाला सांगायची. बायकोही तेच सांगायची. बंडी होती, तिचे बैलही होते. पण ज्या गाडीतून शेणखत वाहायचं त्या गाडीत मोटारवाल्याच्या बहिणीनं बसून यायचं, हे रंगरावाला पटेना. लोक काय म्हणतील याचा घोर माणसाला लागला, की घरचे काय म्हणतात ते त्याला ऐकू येत नाही.

यंदा मात्र त्यानं आईच्या पायाला हात लावून शब्द दिला, की भाऊबीजेला आवडी या घरात असेल. पेट्रोलचा एक भरलेला डबा त्यानं कुलपात ठेवला. आवडाबाईला पक्का निरोप गेला, की भाऊबीजेच्या सकाळी येतो, मोटार नाल्यातून आत येत नाही, भोंगा ऐकला की सडकेवर ये. यापेक्षा आणखी काय पाहिजे होतं?

भाऊबीजेच्या सकाळी मोटार पुसून झाली, टपाला झेंडूची माळ बांधून झाली, आणि तेवढ्यात सडकेवर अकोल्याची उतारूंची सर्व्हिस मोटार थांबली. तिच्यातून शेठजी उतरले. तेच, जुनी मोटार गळ्यात मारणारे. बरोबर शेठाणी, शेठाणीची बहीण आणि एक भलामोठा फराळाचा डबा. शिरपूरला देवदर्शनाला निघालो आहोत, नवी मोटार जावयानं नेली आहे, म्हटलं आपले रंगराव वाटेवर आहेत, असं शेठजी हसत हसत म्हणाले. चार लोकांसमोर आपले रंगराव म्हणाले. रंगरावाची छाती फुगली, आणि माणसाची छाती फुगली की जीभ नको तिथं गोड होते. त्यानं मोटारीचं दार आपल्या हातानं उघडलं.

मनाशी त्यानं हिशेब बांधला. वाट तीच आहे, शेठजींना दर्शन घडवू, येताना आवडीला घेऊ, पेट्रोलच्या एका डब्यात दोन्ही कामं होतील. मालेगाव मागे पडलं. आवडाबाईच्या गावाकडे वळणारा नाल्याचा फाटा आला तसा रामधनानं सवयीनं भोंगा वाजवला. रंगरावानं त्याला कोपर मारलं आणि पुढे चालायची खूण केली. दर्शन आधी उरकू, येताना थांबूच, असं तो स्वतःला सांगत राहिला.

शिरपूरला दर्शन सावकाश झालं. फराळ झाला, भाव-बाजाराच्या गोष्टी झाल्या. परत निघताना शेठजींनी घड्याळ पाहिलं आणि अकोल्याची सर्व्हिस मोटार चुकायला नको म्हणून सांगितलं. मागच्या बाकावर शेठाणी, तिची बहीण आणि मधे फराळाचा डबा. पुढे शेठजी, रामधन आणि अंग चोरून बसलेला रंगराव. आवडीला बसवायचं कुठं? शेठजी, वाटेत माझी बहीण घ्यायची आहे, जरा सरकून बसा, एवढंच बोलायचं होतं. आपल्याच मोटारीत बोलायचं होतं. पण मोटार आपली आहे हे शेठजी शेजारी बसले असताना त्याला खरंच वाटेना. ओठाशी आलेले शब्द त्यानं गिळले आणि ठरवलं, की शेठजींना मेडशीला उतरवू आणि तसंच माघारी येऊ.

म्हणून नाल्याचा फाटा जवळ आला तेव्हा त्यानं मान दुसरीकडे वळवली. त्या बाजूला पाहायचंच नाही, म्हणजे काही दिसायचंच नाही. तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून बाभळीखालून उठलेलं कुणीतरी दिसलं, आणि वर केलेला एक हात दिसला. हिरव्या बांगड्यांचा.

"रावसाहेब, बाई हात दाखवून राह्यली," रामधन मोटार हळू करत म्हणाला.

"थांबू नोको," रंगराव म्हणाला.

रामधनानं भोंगा वाजवला. मोटार गेली आणि मागे धूळ उठली.

मेडशीला शेठजी उतरले, मोटार छान ठेवली आहे म्हणून रंगरावाची पाठ थोपटली आणि सर्व्हिस मोटारीत बसून निघून गेले. रामधनानं टाकीत काडी घालून पाहिली. काडी कोरडीच वर आली. रंगराव थोडा वेळ मोटारीजवळ उभा राहिला आणि मग घरात गेला. आईनं आवडी आली का म्हणून विचारलं. इंजिन गरम झालं, उद्या आणतो, असं तो म्हणाला. बायकोनं ओवाळणीसाठी मांडून ठेवलेला पाट उचलून भिंतीला टेकवला. बंडी जुंपायला अजून दिवस शिल्लक होता, पण ते त्याला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि त्यानं सुचू दिलं नाही.

दिवेलागणीला दार वाजलं. बायको कंदील घेऊन गेली आणि तिथंच थबकली. दारात आवडाबाई उभी होती. डोक्यावर गाठोडं, पायांत वाहाणा नाहीत. त्या तिनं हातात धरल्या होत्या, कारण एकीचा अंगठा तुटला होता. केस, भुवया, लुगडं सगळं सडकेच्या रंगाचं झालं होतं. गाठोडं सावरायला तिनं हात वर केला आणि कोपरापर्यंत भरलेल्या हिरव्या बांगड्या कंदिलाच्या उजेडात आल्या. रंगराव जागेवरून उठला तो तसाच उभा राहिला. त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सकाळी भोंगा ऐकून ती सडकेवर आली होती. मोटार शिरपूरकडे गेलेली पाहून येताना नेईल म्हणून बाभळीखाली बसून राहिली होती. मोटार आली आणि गेली. परत सासरी जायची सोय नव्हती, कारण तिथं सांगणार काय? भावानं मला पाहिलं आणि मोटार हाणली, असं? म्हणून ती उन्हातान्हात सारी वाट पायी चालून आली. यातलं एक अक्षर ती त्या संध्याकाळी बोलली नाही. न बोलताच रंगरावाला सगळं समजलं.

आई चाचपडत पुढे आली. भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीच्या पायावर पाणी घातलं आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला. हाताला धूळ लागली.

"मोटारीनं आली का माय तू?" आईनं विचारलं.

आवडाबाईनं भावाकडे पाहिलं. "हो माय. दादानंच आणलं."

"मंग मोटारीत एवढी धूळ बसते का?"

"बसते माय," आवडाबाई म्हणाली. "लय धूळ बसते."

बायकोनं कंदील खाली ठेवला आणि भिंतीला टेकवलेला पाट पुन्हा मांडला. आवडाबाईनं तोंड धुऊन भावाला ओवाळलं. तिचे पाय सुजले होते, उभं राहताना ती एका पायावर भार देत होती. रंगरावानं ओवाळणी टाकली ती ताटात न पडता खाली पडली, आणि ती उचलायलाही आवडाबाईच वाकली. मग तिनं गाठोडं सोडलं आणि हळदकुंकू लावलेला एक नारळ काढून भावापुढं ठेवला. सासूनं दिला आहे, मोटारीपुढं फोडायला, माझ्या सुनेला सुखरूप ने आणि सुखरूप आण म्हणून, असं तिनं सांगितलं. एवढी वाट तो नारळ तिनं डोक्यावर वाहून आणला होता. रंगरावानं तो देवळीत ठेवून दिला. फोडायचा कुठल्या तोंडानं?

तिला परत पोचवायचा दिवस आला तेव्हा पेट्रोलचे डबे आले होते. रामधन मोटार पुसायला लागला. रंगरावानं त्याला राहू दे म्हणून सांगितलं आणि तो उकंडरावाच्या दारी गेला. त्या ओट्यापर्यंत जायला दहा पावलं लागत होती, पण ती टाकताना त्याला घाम फुटला. दमणी पाहिजे होती, एवढंच तो बोलू शकला. उकंडरावानं मोटारीचं नावही काढलं नाही. उठून त्यानं स्वतःच जोडी सोडली आणि कासरा त्याच्या हातात दिला. बांड्यानं जुन्या मालकाचा हात हुंगला आणि चाटला. चार लाथा बसल्या असत्या तरी रंगरावाला इतकं लागलं नसतं.

बहिणीला बसवून दमणी निघाली. मालेगाव गेलं, नाल्याचा फाटा आला, ती बाभूळ आली. रंगरावानं बैल थांबवले.

"आवडे, मले तू दिसली नाही त्या दिवशी," तो म्हणाला.

आवडाबाई बाभळीकडे पाहत होती. "हात दिसला होता तुले, दादा. तोंड तू पाह्यलं नाही."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यानं पुसलंही नाही. लाज वाटते, असं तो सरळ म्हणाला, तुझ्या सासूच्या पायावर डोकं ठेवून सगळं कबूल करतो म्हणाला. आवडाबाई घाबरली. तसं केलंस तर तुझं मन हलकं होईल, पण मला त्या घरात जन्म काढायचा आहे, असं तिनं त्याला बजावलं. भावानं सडकेवर टाकलेली बाई म्हणून चुलीपाशी, पाणवठ्यावर ती जन्मभर ऐकत राहिली असती. म्हणून तिथं काही बोलायचं नाही, मी मोटारीनंच गेले होते, असं तिनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. कबुली द्यायचीही मोकळीक आपल्याला उरली नाही, हे त्याच्या ध्यानात आलं.

सासरी अंगणात दमणी थांबली तशा शेजारणी जमल्या. आवडाबाईची सासू कस्तुराबाई थोराड, मोठ्या आवाजाची बाई होती. तिनं पाहुण्याला पाट दिला, पाणी दिलं आणि बायकांना ऐकू जाईल असं सांगायला लागली, की माझी सून यंदा मोटारीनं माहेरी गेली, अख्ख्या गावात कोणाची गेली आहे ते सांगा. एकीनं विचारलं, मग येताना दमणी कशी? आवडाबाईच पटकन म्हणाली, की मोटारीत माझं डोकं गरगरतं, मीच दमणी जुंपायला लावली. बायका हसल्या.

"नारळ फोडला ना, पाव्हने, मोटारीपुढं?" कस्तुराबाईनं विचारलं.

रंगरावानं खाली पाहिलं. "फोडला," तो म्हणाला.

केवढा मोठ्या मनाचा भाऊ, म्हणून बायका त्याचं कौतुक करत राहिल्या आणि तो पाटावर बसून ते ऐकत राहिला. शिव्या असत्या तर मान खाली घालून घेता आल्या असत्या. हे कौतुक मान वर करून, हसून घ्यावं लागत होतं. जेवणात पुरणपोळी होती. बहिणीच्या सासरचा मान म्हणून त्यानं ताट संपवलं.

निघताना तो अंगणाच्या कोपऱ्यात बैल जुंपायला गेला. आवडाबाई घरात भांडी आवरत होती. कस्तुराबाई पेंडीचं टोपलं घेऊन बैलांपाशी आली. आता तिचा आवाज अगदी खाली आला होता.

"पाव्हने, आमचा गडी त्या दिवशी मालेगावाहून येऊन राह्यला होता. त्याले आवडी दिसली सडकेनं. एकटी, पायी. तुमची मोटार पुढं गेलेली त्यानं पाह्यली होती."

रंगरावाच्या हातातली जुवाची शिवळ तशीच राहिली.

"मी त्याले गप केलं. घरात कोणाले मालूम नाही," कस्तुराबाई म्हणाली. "तिलेई नोका सांगू. तिनं तुमची लाज झाकली, मले हे समजलं म्हून तिले कळलं, तं ते माह्यापुढं कधी मान वर करणार नाही. गुणाची पोरगी हाय." तिनं बांड्यापुढं पेंड ठेवली. "पुढच्या दिवाळीले येजा न्यायले. बंडी आणली तरी चालते आमाले."

रंगरावानं वाकून त्या म्हातारीच्या पायाला हात लावला. ती बाजूला सरली आणि टोपलं घेऊन घरात गेली. तिथून पुन्हा तिचा मोठा आवाज ऐकू आला. कुणाला तरी ती मोटारीबद्दलच सांगत होती.

तो दमणीत बसला आणि कासरा हाती घेऊन त्यानं बैल हाकले. आवडाबाई हात पुसत दारात आली. आपलं बोलणं सगळ्यांना पटलं, भावाची अब्रू राहिली, या समाधानानं तिचा चेहरा उजळला होता. तिनं निरोपाचा हात वर केला. तिच्या तोंडाकडे नीट पाहण्यासाठी रंगरावानं बैल थांबवले, आणि पाहवलं नाही, तरी पाहत राहिला.